प्रसाद म्हणजे फक्त शिरा नव्हे!



गेल्या महिन्यात वर्गात सत्यनारायणाची पूजा झाली. शिऱ्यात काजू होते. काजू न चालणाऱ्या एका छोट्या मित्राने द्रोण परत केला आणि हळूच विचारले, "मग मला प्रसाद मिळालाच नाही का?" त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून शब्दकोश उघडला. खरे उत्तर आज देत आहोत.

'प्रसाद' हा शब्द 'प्र' हा उपसर्ग आणि 'सद्' हा धातू यांपासून झाला. 'सद्' म्हणजे बसणे. सभासद, परिषद, उपनिषद ही त्याच घरातली भावंडे. इंग्रजीतला 'सिट' त्यांचा दूरचा चुलतभाऊ!

गढूळ पाणी तांब्यात ठेवून द्या. थोड्या वेळाने गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. हे निवळणे म्हणजे प्रसाद, आणि असे पाणी 'प्रसन्न'. रामायणाच्या सुरुवातीला वाल्मीकी तमसा नदीच्या पाण्याला 'प्रसन्न' म्हणतात आणि त्याला सज्जनाच्या मनाची उपमा देतात. मनातला राग, भीती खाली बसली की मनही प्रसन्न होते. देव प्रसन्न झाला की त्याची कृपा होते, म्हणून प्रसाद म्हणजे कृपा.

खाऊ हा अर्थ त्यानंतरचा. देवापुढे ठेवतो तो नैवेद्य; तोच कृपेची खूण म्हणून आपल्या हातावर येतो तेव्हा प्रसाद.

'विषाद' म्हणजे खचून जाणे, हा शब्दही 'सद्'पासूनच झाला. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा. अठराव्या अध्यायाच्या शेवटी तोच अर्जुन कृष्णाला सांगतो, की तुझ्या प्रसादाने माझा मोह गेला. रणांगणावर त्याला कोणी शिरा वाढला नव्हता!

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटच्या 'पसायदाना'तला 'पसाय' म्हणजे हाच प्रसाद. ज्ञानेश्वरांनी तो साऱ्या जगासाठी मागितला.

तेव्हा मित्रा, तुला प्रसाद नक्की मिळाला. चूक आमची झाली. यापुढे शिऱ्यात काजू नसतील, आणि शेजारी केळी व खडीसाखरही असेल.

जाता जाता एक गृहपाठ: मस्ती केल्यावर पाठीत मिळणाऱ्या धपाट्यालाही मराठीत 'प्रसाद' का म्हणतात, ते आजीला फोनवर विचारून या!