ओळखीपेक्षा तोंडओळख

‘फिटर, वेल्डर पाहिजेत. फ्रेशर चालेल. चाकण. बस, कँटीन फ्री. आधार, मार्कशीट, चार फोटो घेऊन या.’ अशा धर्तीचा मेसेज लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या आयटीआयच्या कुठल्याही बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नवा नाही. कंपनीचं नाव, पगार, करार किती महिन्यांचा, यातलं काहीच त्यात नसतं. तरी पोरं बॅग भरतात, कारण मेसेज टाकणारा ओळखीचा असतो.

ही रीत जुनीच. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर आपल्या गावची माणसं कामाला लावायचा आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. ऊसतोडीला आजही मुकादमच उचल देऊन टोळी जमवतो. म्हणजे नोकरी पूर्वीपासून ओळखीच्या माणसाच्या हातून येते, फोनने त्या माणसांची संख्या वाढवली एवढंच. पण यातला नेमका कोणता माणूस उपयोगी पडतो?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांना हेच विचारलं होतं. १९७३ साली त्याचा निबंध आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना सांगणारा अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा होता. नवल नाही. रोज एकाच टपरीवर चहा पिणाऱ्या चौघांना एकच बातमी माहीत असते. नवी बातमी आणतो तो बाहेर राहणारा, तोंडओळखीचा.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवर झालेला अभ्यास आला. त्यातही तोंडओळखीच जास्त कामी आल्या, मात्र अगदीच पुसट ओळखी नव्हेत, मधल्या. माझ्या मते औशासाठी महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. संगणकावर चालणाऱ्या क्षेत्रांत दूरची ओळख सरस ठरली, इतर क्षेत्रांत जवळचीच. वेल्डरला चाकणला नेणारा बॅचचा ग्रुप म्हणूनच टाकाऊ नाही. पण बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये, डेटाच्या कामात शिरू पाहणाऱ्या मुलीने त्याच ग्रुपवर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. तिला हव्या त्या जागेची बातमी तिथे येणारच नाही.

तिच्यासाठी लिंक्डइन आहे. २००३ साली सुरू झालेलं हे जाळं आपल्याकडे अजून ‘इंग्रजीवाल्यांचं’ समजलं जातं. भरती करणारे तिथे शब्द टाकून माणसं शोधतात. नावाखाली नुसतं ‘विद्यार्थी’ लिहिलं, तर त्या शोधात आपण सापडत नाही. काय येतं ते लिहावं: एसक्यूएल, टॅली, सीएनसी, ऑटोकॅड. कॉलेजचं नाव टाकलं की तिथून पुढे गेलेले सीनियर दिसतात. त्यांना नुसतं ‘हाय सर’ किंवा ‘जॉब असेल तर सांगा’ असं पाठवू नये, त्यावर समोरच्याला काही करता येत नाही. त्याऐवजी लिहावं: ‘नमस्कार सर, मी औशाची, तुमच्याच कॉलेजची. तुम्ही टेस्टिंगमध्ये आहात. मी एसक्यूएल शिकले आहे. तुमच्याकडे फ्रेशरच्या मुलाखतीत आणखी काय विचारतात?’ नोकरी मागितली की माणूस अवघडतो, माहिती विचारली की बोलतो. बोलणं वाढलं तर पुढे कंपनीत नावही सुचवतो.

टेलिग्रामची गोष्ट वेगळी. स्पर्धा परीक्षावाल्यांचा तो अड्डा. जाहिरात, हॉलतिकीट, उत्तरतालिका तिथे लगेच पोहोचते, पण जागा त्याने वाढत नाहीत. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते.

आणि फसवणूक. लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे; त्याच्या नावाने ‘थेट भरती’चा मेसेज कुणी पाठवला, तर लक्षात ठेवा: रेल्वेची कायम पदं जाहिरात आणि परीक्षेतूनच भरली जातात. थायलंडमधल्या डेटा एंट्रीच्या आमिषाने गेलेली भारतीय पोरं म्यानमारमधल्या सायबर ठगांच्या अड्ड्यांत डांबली गेली, त्यातल्या कित्येकांना जाहिरात सोशल मीडियावरच दिसली होती. परदेशी धाडणाऱ्या एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. नोकरी देणारा ‘रजिस्ट्रेशन’, ‘युनिफॉर्म’ म्हणून आधी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम खात्यांमागून खाती फिरत निघून जाते.

हा अंक पुण्या-मुंबईत वाचणाऱ्या औसेकरांना मात्र एक विनंती. गावाकडच्या अनोळखी पोराचा नोकरीबद्दल माहिती विचारणारा मेसेज आला, तर नुसत्या निळ्या टिका उमटवून सोडू नका. जागा नसेल तर नाही म्हणा, पण तुमच्याकडे भरती कोणत्या महिन्यात होते, हातात खरा पगार किती पडतो आणि खोलीचं भाडं किती, हे दोन ओळींत कळवा.