शीघ्रविलग सुकाणू चक्र

शर्यतीच्या मोटारगाडीत चालकाला बसल्या जागेवरून, कोणतेही हत्यार न वापरता, एकाच हालचालीत सुटे करता येणारे व तितक्याच सहजतेने परत बसविता येणारे सुकाणू चक्र. व्यवहारात सुकाणू चक्रास ‘स्टिअरिंग’ म्हणतात. नेहमीच्या मोटारगाडीत हे चक्र सुकाणू दंडाच्या दातेरी टोकावर बसवून मध्यभागी नटाने आवळलेले असते व ते काढण्यास पाना आणि बहुधा पुलरही लागतो [⟶ मोटारगाडी]. शीघ्रविलग रचनेत चक्र व दंड यांच्यामध्ये दोन भागांचा एक जोड घातलेला असतो. त्याचा एक भाग दंडाशी व दुसरा चक्राशी कायमचा पक्का केलेला असून हे दोन भाग एकमेकांत अडकतात आणि कळ ओढली वा दाबली असता विलग होतात. या जोडाकडून परस्परविरोधी दोन अपेक्षा असतात : हवा तेव्हा तो क्षणात सुटला पाहिजे आणि नको तेव्हा कदापि सुटता कामा नये. त्याची निवड व जोडणी यांविषयीचे बहुतेक सर्व नियम या दोन अपेक्षांतून निघाले आहेत.

एकासनी शर्यती गाडीची चालककक्षा इतकी अरुंद असते की, चक्र जागेवर असताना मांड्या त्याखालून सरकविणे जवळजवळ अशक्य असते. छत असलेल्या गाडीतही सुरक्षा पिंजऱ्याच्या नळ्या, दोन्ही बाजूंनी कवटाळणारे आसन आणि शिरस्त्राण यांमुळे बाहेर पडण्याची वाट फार लहान होते. गाडीने पेट घेतल्यास चालकाच्या हाती मोजके सेकंदच असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या फॉर्म्युला वन नियमांत चालकाने ५ सेकंदांत गाडीबाहेर पडावे अशी अट होती. २०१८ मध्ये डोक्याभोवतीचे ‘हेलो’ हे संरक्षक कडे सक्तीचे झाल्यावर ही मुदत ७ सेकंद करण्यात आली व चक्र परत जागेवर बसविण्यासाठीची एकूण मुदत १२ सेकंद ठरली. चक्र परत बसविण्याची अट वरवर चमत्कारिक वाटते. परंतु चक्र नसलेली गाडी वळविता येत नाही आणि त्यामुळे मार्गसेवकांना ती ढकलून बाजूस नेता येत नाही. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथील शर्यतीत फ्रेंच चालक रोमँ ग्रोझाँ यांची गाडी कठड्यात घुसून दुभंगली व पेटली. सुमारे २८ सेकंदांनी ते ज्वाळांतून बाहेर आले. आपल्यासमोरील सुकाणू चक्र आघातातच नाहीसे झाले होते, असे त्यांनी नंतर सांगितले.

काढता येणारे चक्र ही नवी कल्पना नाही. १९३० नंतरच्या दशकातील जर्मन ग्रां प्री गाड्यांत चालक चक्र काढूनच आत बसत व बाहेर पडत. २४ जुलै १९३८ रोजी न्यूर्बुर्गरिंग येथील जर्मन ग्रां प्रीमध्ये मानफ्रेट फोन ब्राउखिच यांच्या मर्सिडीझ गाडीने इंधन भरताना पेट घेतला. आग विझविल्यावर ते घाईने पुन्हा शर्यतीत उतरले. पण थोड्याच अंतरावर गाडी रस्त्याबाहेर गेली आणि ते सुटे झालेले चक्र हातात घेऊन पायी परतले. चक्र नीट अडकले नव्हते व चालत्या गाडीत ते हाती आले, असे त्यांचे म्हणणे होते. ती शर्यत त्यांचे संघसहकारी रिचर्ड सीमन यांनी जिंकली. सुटण्याची सोय हीच धोक्याची जागा कशी होते, याचे हे उदाहरण आजही लागू पडते. १९८९ च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेल यांच्या फेरारी गाडीचे चक्र शर्यत चालू असतानाच थांब्यावर बदलण्यात आले आणि तरीही त्यांनी विजय मिळविला. याच गाडीत गती बदलण्याच्या कळा प्रथमच चक्रामागे आल्या होत्या. तेव्हापासून फॉर्म्युला वनचे चक्र हे केवळ वळविण्याचे साधन न राहता कळा, दिवे व दर्शकपट यांनी भरलेले विद्युत् उपकरण बनत गेले.

जोडाचे प्रकार : पीळ वाहून नेणारा भाग आणि चक्र दंडावरून निसटू न देणारा भाग, असा भेद मनात ठेवल्यास निरनिराळे प्रकार समजण्यास सोपे जातात. पीळ वाहण्यासाठी षट्कोनी खुंट, सभोवार बारीक दाते असलेला खुंट (स्प्लाइन), अथवा तबकडीत बसणाऱ्या दोनतीन पिना वापरतात. निसटणे रोखण्याचे काम पोलादी गोळ्या करतात. स्प्रिंगच्या दाबाखालील कॉलर त्यांना खुंटावरील खाचेत दाबून धरते व कॉलर ओढताच गोळ्या बाहेर सरकण्यास जागा मिळते. स्वस्त प्रकारांत गोळ्यांऐवजी आडवी पिन असते.

षट्कोनी खुंट सर्वांत साधा व स्वस्त. पण त्याच्या सपाट बाजू झिजल्या की चक्र डुलू लागते. शिवाय तो सहा स्थितींत बसतो, त्यामुळे घाईत चक्र ६० अंशांनी तिरके बसण्याचा संभव राहतो. दातेरी खुंटात एक दाता मुद्दाम गाळलेला वा रुंद केलेला असल्यास चक्र एकाच स्थितीत बसते. हा गुण लहान दिसला, तरी घेताना प्रथम तोच पाहावा.

जोडातील ढिलाईचा परिणाम किती होतो, हे साध्या हिशोबाने कळते. पीळ वाहणाऱ्या पृष्ठभागाची त्रिज्या १० मिमी. आणि तेथील मोकळीक ०·१ मिमी. असेल, तर १७५ मिमी. त्रिज्येच्या चक्राच्या कडेला १·७५ मिमी. खेळ जाणवतो. हीच मोकळीक १५ मिमी. त्रिज्येवर असेल, तर खेळ सुमारे १·२ मिमी. राहतो. म्हणजे कारागिरी तितकीच असताना मोठ्या व्यासाचा जोड अधिक घट्ट वाटतो. एवढ्या खेळाने गाडी फारशी भरकटत नाही. परंतु पुढील चाकांची पकड सुटू लागल्याची सूचना चालकाला हातांतूनच मिळत असते व ती या ढिलाईत हरवते. बळाचा हिशोबही असाच करता येतो. चालकाने दोन्ही हातांनी प्रत्येकी ४० किग्रॅ. भार लावल्यास १७५ मिमी. त्रिज्येवर १,४०० किग्रॅ.-सेंमी. पीळ निर्माण होतो आणि १० मिमी. त्रिज्येच्या दात्यांवर एकूण १,४०० किग्रॅ. भार येतो. म्हणून खुंट पोलादाचाच असावा. ॲल्युमिनियम मिश्रधातू बाहेरील कवचासाठी ठीक आहे.

सोडण्याची कळ कशी आहे, याला मजबुतीइतकेच महत्त्व आहे. महासंघाच्या टूरिंग प्रकारातील गाड्यांच्या नियमांनुसार ती दंडाशी समकेंद्री, चक्रामागे असलेली व टिकाऊ पिवळ्या रंगाची कॉलर असावी लागते आणि दंडाच्या दिशेने ओढल्यावर जोड सुटावा लागतो. पिवळा रंग चालकासाठी नसून मदतीस धावणाऱ्यासाठी आहे. समकेंद्री कॉलर कोणत्याही हाताने, हातमोजे घालून, गाडी उलटी असतानाही सापडते. बाजूला असलेली दाबकळ चक्र फिरलेले असल्यास चाचपडावी लागते. अमेरिकेत या जोडांसाठी एसएफआय फाउंडेशनचे ४२·१ हे मानक आहे. मानकाचा शिक्का नसलेला, केवळ शोभेसाठी विकला जाणारा जोड स्वस्त मिळाला, तरी शर्यतीच्या गाडीत वापरू नये.

जोडणी : चक्राच्या बोल्टांची छिद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास प्रथम मोजावा. इटालियन बनावटीच्या चक्रांत ७० मिमी. व ७४ मिमी. व्यासावर सहा छिद्रे हे दोन प्रघात रूढ आहेत. ते दिसण्यात सारखे असल्याने फसगत होते. छिद्रे घासून लांबट करून ४ मिमी.चा फरक मिटविणे हा धोकादायक उपाय होय. मूळ गाडीच्या दंडावर बसणारा मधला तुंबा त्या गाडीच्या दात्यांशी जुळणाराच घ्यावा व मधला नट गाडीच्या निर्मात्याने दिलेल्या पिळाने आवळावा. जोडामुळे चक्र काही सेंमी.ने चालकाकडे सरकते, म्हणून तुंबा आखूड निवडावा लागतो. पट्टे आवळून पाठ आसनाला टेकलेली असताना मनगट चक्राच्या वरच्या कडेवर टेकावे, ही अंतराची जुनी खूण पुरेशी आहे.

खास बांधलेल्या गाडीत खुंट दंडावर वितळजोडकामाने बसवितात. जोडकामाआधी गोळ्या, स्प्रिंग व कॉलर असलेला भाग काढून ठेवावा, दंडावरील जस्ताचा मुलामा खरवडावा आणि समोरासमोर टाके घेऊन खुंट वाकडा होत नाही ना, हे पाहावे. थंड झाल्यावर रंजक द्रव लावून भेगा तपासाव्यात. येथील हयगय किती महाग पडू शकते, हे आयर्टन सेना यांच्या मृत्यूच्या चौकशीत पुढे आले. १ मे १९९४ रोजी इमोला येथे अपघातग्रस्त झालेल्या त्यांच्या गाडीच्या सुकाणू दंडात, चालकाला अधिक जागा मिळावी म्हणून, कमी व्यासाची नळी जोडलेली होती व दंड तुटलेला आढळला. तो आधी तुटला की आघाताने, यावर तज्ञांत मतभेद आहेत. तथापि इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सदोष फेरफारामुळे दंड तुटून अपघात झाला, असा निष्कर्ष काढला.

चाके सरळ ठेवून चक्र बसवावे व ‘खट्’ असा आवाज आला, तरी त्यावर विसंबू नये. कॉलर पूर्ण मागे आली आहे हे पाहून चक्र जोराने स्वतःकडे ओढावे. गाडी हलण्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येक वेळी करावयाची असते. चक्रावर विद्युत् कळा असल्यास तारांची जोडणी जोडातच असावी किंवा ओढताच सुटणारी असावी. चक्र सुटले पण तारेने लोंबत राहिले, तर सुटकेच्या वाटेत तोच अडथळा होतो. खाचेत वाळू किंवा घट्ट झालेले ग्रीज साचल्यास गोळ्या अर्धवट बसतात, म्हणून जोड वरचेवर पुसून त्यास पातळ वंगण द्यावे.

भारतात अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी बांधलेल्या फॉर्म्युला गाड्यांच्या स्पर्धांतही असा जोड आवश्यक असतो. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांचे संघ त्यांत भाग घेतात व तेथे चालकाला हातमोजे घालून, नेहमीच्या बैठकीतून चक्र काढून दाखवावे लागते. रस्त्यावरील गाडीत मात्र हा जोड बसविताना मूळ चक्रातील हवापिशवी काढून टाकावी लागते. चोरीस आळा बसावा म्हणून किंवा हौसेखातर काही जण तसे करतात. परंतु सुरक्षा पिंजरा, अनेकबंधी पट्टे व शिरस्त्राण नसलेल्या चालकाचे हवापिशवी हे समोरील आघातातील महत्त्वाचे संरक्षण असल्याने हा सौदा तोट्याचा आहे.