दोन तलवारी म्हणजे दुप्पट वार?

दोस्तांनो, ईश्वरपूरहून पन्हाळ्याला सहलीला गेला असाल, तर बाजीप्रभू देशपांड्यांचा पुतळा पाहिला असेलच. दोन्ही हातांत शस्त्रं! जुलै 1660 मध्ये घोडखिंड लढवणाऱ्या या वीरासारखा गडी आपल्याला खेळात मिळाला तर?

तसा खेळ आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' त्याचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत निघाला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

आणि इथंच भांडण जुंपतं! "माझा गडी एका डावात दोन वार करतो. आता हातात दोन तलवारी, म्हणजे चार वार!"

थांबा. 1989 च्या नियमपुस्तकात दुसऱ्या शस्त्राचा फक्त एकच जादा वार मिळतो. म्हणजे चार नाही, तीन. शिवाय फाशाच्या आकड्यातून सरावाच्या हाताला 2 आणि दुसऱ्या हाताला 4 वजा!

आता वही घ्या. एकच वार करणारा गडी धरा. वार लागायला 11 किंवा जास्त हवेत. एका तलवारीने 20 वेळा फासा टाकला, तर सरासरी 10 वार लागतील. दोन तलवारी घेतल्या, तर एका हाताला 13 हवेत, म्हणून 8 वार. दुसऱ्याला 15 हवेत, म्हणून 6. एकूण 14. दुप्पट म्हणजे 20 झाले असते! वर ढाल धरायला हात उरला नाही, तो वेगळाच.

हा अन्याय आहे का? करून पाहा. उजव्या हाताने गोल आणि त्याच वेळी डाव्या हाताने चौकोन काढा. जमलं? मर्दानी खेळातला दांडपट्टा तर कोपरापर्यंत हात झाकतो, मनगट वळतच नाही. दोन्ही हातांनी तो फिरवायला किती सराव लागत असेल!

तेव्हा नियमाचा अर्थ फासा टाकण्याआधीच ठरवा. तो बरोबर लावला की सोयीचा, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तोच नियम समोरच्या राक्षसाला दिला, तर तुम्हाला चालेल का?