शीतकपाटातील शेगडी

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो वेतन, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. यंदा आम्ही घरच्या फ्रीजवर बोलणार असे कळताच काही मित्र हसले. फ्रीज म्हणजे सुखवस्तू घराची चैन, हा समज त्या हसण्यामागे होता. तो काळ आता गेला. रत्नागिरीत आज कामगाराच्या घरीही फ्रीज असतो. मासेमारीबंदीच्या आधी साठवलेली सुरमई त्यात असते, आंब्याचा रस असतो, आणि कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाचे इन्शुलिन असते. असे यंत्र बिघडले म्हणजे घराचा तोल बिघडतो. त्या बिघाडातली एक लहानशी बाब आम्ही येथे समजावून सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि १८२८ साली स्थापन झालेल्या इथल्या जिल्हा नगर वाचनालयात. त्यामुळे जे आम्हांला समजले ते कोणालाही समजेल, याची आम्हांला खात्री आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या घरचा फ्रीज बिघडला. वरच्या खणात थोडाफार गारवा होता, खालच्या खणात दूध नासू लागले. घरात आईचे इन्शुलिन. न उघडलेल्या इन्शुलिनच्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. सहकाऱ्याने घाईने एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने पाठीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "गॅस गेला." फ्रीज दुकानात गेला, चार दिवसांनी परत आला, पैसे दिले, गारवा आला. बारा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी उत्तर मिळाले, "कॉम्प्रेसर गेला. आता नवीनच घ्या."

सहकारी कर्जाची चौकशी करू लागला तेव्हा आम्ही ओळखीच्या एका तरुण कारागिराला सोबत नेले. आयटीआयमधून शिकून बाहेर पडलेला मुलगा. त्याने काही उघडण्याआधी विचारले, "काकू, वरच्या खणाच्या मागच्या भिंतीवर बर्फ धरतो का? आणि पंखा घरघरतो का?" दोन्हीला होकार मिळाला. तेव्हा त्याने फ्रीजची वायर काढली, सामान शेजारी ठेवायला सांगितले, दोन्ही दारे उघडी टाकली, खाली फडकी पसरली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने फ्रीज सुरू केला. रात्रीपर्यंत दोन्ही खण उत्तम गार. गॅसचा एक थेंबही भरला नव्हता. मुलगा म्हणाला, "गॅस नसता तर हा गार झालाच नसता. याचा हीटर गेलाय."

"हीटर? फ्रीजमध्ये?" आमच्या वहिनींचा हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि या लेखाचे कारणही तोच आहे.

आपल्या देशात घरगुती फ्रीज तयार होऊ लागले ते १९५८ साली. त्या वर्षी मुंबईच्या विक्रोळीत गोदरेज कारखान्याने अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने ते बनविले. त्या काळचे फ्रीज एका दाराचे असत. वरच्या कप्प्यावर बर्फाचा थर चढे. आठ-पंधरा दिवसांनी गृहिणी फ्रीज बंद करी, बर्फ वितळवी, पाणी पुसून काढी. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये आजही बर्फ वितळविण्यासाठी बटण दाबावे लागते. पुढे दोन दारांचे 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रीज आले. त्यांच्या गारव्याच्या नळ्या, म्हणजे कॉइल, वरच्या खणाच्या मागे पडद्याआड दडवलेल्या असतात, आणि एक पंखा त्यांच्यावरून हवा फिरवून दोन्ही खणांत पोचवितो. बर्फ पुसण्याचे काम घरच्या बाईच्या डोक्यावरून उतरले. पण बर्फ धरणे काही थांबले नाही. ते काम यंत्राकडे गेले एवढेच.

बर्फ धरतो तो कशामुळे? हवेतल्या बाष्पामुळे. ३० अंशांच्या दमट हवेत, म्हणजे आपल्या पावसाळ्यातल्या हवेत, एका घनमीटरात सुमारे २७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. घाटावर कडक उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी तेवढ्याच हवेत आठ-दहा ग्रॅम असेल. उणे १८ अंशांची हवा मात्र जेमतेम एक ग्रॅम बाष्प धरू शकते. आपण दार उघडतो तेव्हा बाहेरची हवा आत शिरते आणि तिच्यातले जास्तीचे पाणी थंड कॉइलवर बर्फ होऊन चिकटते. म्हणून कोकणातल्या फ्रीजला घाटावरच्या फ्रीजपेक्षा बर्फाशी अधिक झगडावे लागते. त्यात दाराचे रबर सैल असेल, किंवा गरम आमटी झाकण न ठेवता आत ठेवण्याची सवय असेल, तर विचारूच नका.

हा बर्फ वितळविण्यासाठी कॉइलच्या खाली किंवा तिच्या वेटोळ्यांत एक विजेची शेगडी बसविलेली असते. तिलाच कारागीर डिफ्रॉस्ट हीटर म्हणतात. ती कोठे ॲल्युमिनियमच्या नळीत असते, कोठे काचेच्या. कित्येक यंत्रांत दर सहा ते बारा तासांनी टायमर कॉम्प्रेसर बंद करतो आणि वीज या शेगडीकडे वळवितो. बर्फ वितळतो, पाणी खालच्या भोकातून नळीवाटे मागे कॉम्प्रेसरवरच्या तबकात उतरते आणि तेथल्या उष्णतेने वाळून जाते. घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

शेगडीने आतले मासे शिजत कसे नाहीत, अशी शंका येईल. त्याचे उत्तर गणितात आहे. जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात दाखवून दिले की बर्फाचे पाणी होताना तो बरीच उष्णता गिळतो आणि तरी त्याचे तापमान वाढत नाही. एक ग्रॅम बर्फाला ८० कॅलरी लागतात. कॉइलवर अर्धा किलो बर्फ असेल तर ४०,००० कॅलरी, म्हणजे सुमारे १,६७,००० जूल. शेगडी १५० वॉटची असेल तर ती सेकंदाला १५० जूल देते. भागाकार केला की साडेअठरा मिनिटे येतात. थोडी उष्णता धातू आणि हवा तापविण्यात जाते, म्हणून वीस-पंचवीस मिनिटे धरा. तेवढ्या वेळात गोठलेला मासा वितळत नाही.

या शेगडीवर दोन पहारेकरी असतात. पहिला बायमेटल. दोन धातूंची ही पट्टी कॉइल खूप गार असतानाच शेगडीचा मार्ग जोडते आणि बर्फ संपून कॉइल कोमट होताच तो तोडते. दुसरा थर्मल फ्यूज. बायमेटल चिकटून बसला आणि उष्णता भलतीच वाढली, तर सुमारे ७० अंशांवर हा स्वतः जळून वीज तोडतो. टायमर, बायमेटल, फ्यूज आणि हीटर अशी ही चौघांची साखळी आहे. नव्या यंत्रांत टायमरच्या जागी इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि बायमेटलच्या जागी सेन्सर असतो, तत्त्व तेच. साखळीतला एक जरी निकामी झाला तरी बर्फ वितळत नाही. तो वाढत जाऊन कॉइल झाकतो, पंख्याची वाट अडते आणि खालच्या खणात गारवा उतरत नाही. घरचा माणूस म्हणतो, "गॅस गेला."

आता आमच्या सहकाऱ्याचे पहिले पैसे कोठे गेले ते ध्यानात येईल. दुकानात चार दिवस फ्रीज बंद पडून होता, तेव्हाच आतला बर्फ वितळला. म्हणून तो बारा दिवस चालला. श्रेय मात्र गॅसला मिळाले. दारे उघडी टाकण्याची परीक्षा प्रत्येक घरात फुकट करता येते. चोवीस तास बंद ठेवून, बर्फ पुरता वितळल्यावर फ्रीज नीट चालला आणि काही दिवसांनी पुन्हा तसाच बिघडला, तर संशय प्रथम या साखळीवर घ्यावा. इन्शुलिनची सोय मात्र आधी शेजारी करावी.

साखळीतला दोषी कोण, हे मीटरने कळते. १५० वॉटच्या हीटरचा रोध २३० व्होल्टला सुमारे ३५० ओहम यायला हवा; काटा हललाच नाही तर तार आतून तुटली आहे. बायमेटलच्या बाबतीत मात्र चांगले कारागीरही फसतात. तो उबेला तुटलेलाच दिसतो, कारण त्याचा धर्मच तो आहे. खूप गार करून मगच त्याची परीक्षा घ्यावी. फ्यूज मात्र उबेलाही जोडलेला असला पाहिजे.

हीटर बदलण्याचे काम त्या मुलाने आमच्यासमोर तासाभरात केले. वायर काढली. वरच्या खणाचे कप्पे आणि मागचा पडदा काढला. तारांचे जोड मोबाइलवर टिपून ठेवले. उरलेला बर्फ गरम पाण्याची भांडी ठेवून वितळविला. सुरीला हात लावला नाही. जुना हीटर सोडवून तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच वॉटचा नवा बसविला. तारांचे जोड पाणी पडणार नाही असे वर बांधले, बायमेटल जेथे होता तेथेच लावला आणि पाण्याचे भोक साफ केले. मग फ्रीज गार होऊ दिला, टायमर हाताने पुढे फिरविला आणि मागच्या तबकात पाणी उतरलेले वहिनींना दाखविले. हीटरची किंमत काही शेकड्यांत होती.

दोन गोष्टी कोणी कधीही करू नयेत. फ्यूज जळाला म्हणून दोन तारा पिळून थेट जोडू नयेत. पहारेकऱ्याला काढून टाकले की आग लागायला उशीर नाही. आणि बर्फ टोकदार वस्तूने फोडू नये. पूर्वीच्या फ्रीजमधला वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाला. आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो ज्वालाग्राही आहे. नळीला भोक पडले तर यंत्र जाईलच, जिवालाही धोका. परीक्षा घरी करावी. पडदा उघडण्याचे काम शिकलेल्या हातांनी करावे.

येथे आमच्या धंद्याचा मुद्दा येतो. त्या मुलाने हीटरची किंमत आणि मजुरी सांगितली, तेव्हा आमचा सहकारी, जन्मभर युनियनचा सभासद, म्हणाला, "अरे, तासाभराच्या कामाचे एवढे?" गॅसचे पैसे त्याने निमूट दिले होते, कारण गॅस ही भरलेली वस्तू. दोष ओळखण्याचे ज्ञान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे मोल द्यायला आपला हात आखडतो. मग कारागीर शिकतो काय? खरे निदान केले तर थोडके मिळते, खोटे केले तर पुष्कळ. लबाड कारागीर असतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण लबाडीला भाव आणि ज्ञानाला घासाघीस, हा बाजार गिऱ्हाइकांनीच मांडला आहे. आम्ही सहकाऱ्याला एवढेच म्हटले, "तुझ्या पगारासाठी आपण दारावर बसलो होतो, तेव्हा मालकही हेच म्हणत होता." तो ओशाळला आणि त्याने पुरते पैसे दिले.

तेव्हा श्रोत्यांना आमची विनंती अशी. कारागीर घरी आला की निदानाची मजुरी वेगळी ठरवा आणि आनंदाने द्या. मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा, काढलेला भाग हातात मागा, पावती घ्या. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे. पण हक्क वापरायचा तर यंत्रात काय आहे हे थोडेतरी ठाऊक हवे. न कळणाऱ्या माणसाचा हक्क कागदावरच राहतो, हे आम्ही कारखान्याच्या दारात तीस वर्षे पाहिले आहे.

तो फ्रीज अजून चालू आहे. त्या माऊलीचे इन्शुलिन त्यातच असते, आणि रोज ठरल्या वेळी त्या थंडीच्या पोटात एक लहानशी शेगडी पेटते आणि विझते.