उंदरांनी खाल्लेला तराजू

पंचतंत्रातली एक गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. दिवस फिरले म्हणून एक व्यापारी परमुलखात जायला निघतो. वाडवडिलांपासून चालत आलेला एक जड लोखंडी तराजू तेवढा त्याच्याजवळ उरलेला असतो. तो तराजू तो एका शेठजीकडे ठेव म्हणून ठेवतो. पुढे परत येऊन मागू लागतो, तर शेठजी म्हणतात, ‘काय सांगू, तुझा तराजू उंदरांनी खाल्ला!’ व्यापारी भांडत बसत नाही. शेठजींच्या मुलाला नदीवर आंघोळीला नेतो, गुहेत लपवून ठेवतो आणि एकटाच परत येऊन सांगतो, की मुलाला ससाण्याने उचलून नेले. प्रकरण न्यायासनापुढे जाते. लोखंड खाणारे उंदीर आणि मुलगा पळवणारा ससाणा यांची तिथे गाठ पडते, आणि ज्याचे त्याला परत मिळते.

मुलांना ही गोष्ट चातुर्याची म्हणून सांगतात. मला मात्र ती नेहमी हिशेबाची गोष्ट वाटत आली आहे. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि हे उंदीर मला तिथे निरनिराळ्या वेषांत भेटले. कुठे पावतीपुस्तक पुरात भिजलेले असे, कुठे व्हाउचरांच्या फायलीला नेमकी मार्च महिन्यातच वाळवी लागलेली असे, तर कुठे कपाटाची किल्ली गावी गेलेल्या कारकुनाच्या खिशात असे. खुलासे ऐकताना हसू येई. पण समोर ज्यांचे पैसे गेलेले असत, त्यांचे चेहरे पाहिले की ते हसू मावळे.

कल्पित वाटावा असा हा उंदरांचा खुलासा प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयापर्यंतही जाऊन आलेला आहे. मुंबईतल्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याला वस्त्र आयुक्तांनी रंगवण्यासाठी कापड दिले होते. त्यातले बरेचसे परत आले नाही. कुठे गेले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, की कापड जुने झाले होते, त्याला वाळवी आणि कसर लागली, म्हणून कचऱ्यात टाकून दिले! १९६० साली निकाल देताना न्यायालयाने हा खुलासा मानला नाही. त्या निकालातले तत्त्व आपण प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. माल नेमका कोणाला विकला, पैसे कोणत्या खिशात गेले, हे फिर्यादीने तंतोतंत दाखवलेच पाहिजे असे नाही. माल सोपवला होता हे सिद्ध झाले, तो परत आला नाही आणि दिलेला खुलासा खोटा ठरला, तर त्यावरून अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष काढता येतो.

कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला ‘फौजदारीपात्र न्यासभंग’ असे भारदस्त नाव आहे. वर्तमानपत्रे त्याला सुटसुटीतपणे ‘अपहार’ म्हणतात. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०५ ते ४०९ मध्ये तो होता; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये तो आला आहे. चोरापेक्षा आणि ठकापेक्षा हा गुन्हेगार वेगळा. चोर आपल्या नकळत वस्तू नेतो. ठकाच्या मनात पहिल्या नमस्कारापासूनच कपट असते. अपहार करणाऱ्याच्या हाती मात्र आपण स्वतः, राजीखुशीने, सर्व काही सोपवलेले असते, आणि त्या घटकेला तो बहुधा प्रामाणिकही असतो. बेइमानी नंतर येते. फसवणूक आणि न्यासभंग या दोहोंतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली एका निकालात पुन्हा एकदा बजावून सांगितला. म्हणूनच हातउसने घेतलेले पैसे कोणी बुडवले की लगेच तो न्यासभंग होत नाही. कर्जाऊ दिलेला पैसा घेणाऱ्याचा होतो. सोपवलेला पैसा आपलाच राहतो.

शिक्षेची चढती भाजणीही पाहण्यासारखी आहे. सर्वसाधारण माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद. पूर्वी ती तीन वर्षांपर्यंत होती. कारकुनाने किंवा नोकराने मालकाच्या मालमत्तेबाबत केला, तर सात वर्षांपर्यंत. सरकारी नोकर, बँकर, दलाल, अभिकर्ता यांनी केला, तर दहा वर्षांपर्यंत किंवा थेट जन्मठेप. विश्वास जितका मोठा, तितका त्याचा भंग महाग, असे हे गणित आहे.

पण माझ्या अनुभवात अपहाराची सुरुवात जन्मठेपेच्या आकड्याने कधी झाली नाही. ती झाली ‘सोमवारी भरतो’ या दोन शब्दांनी. एका छोट्या संस्थेचे खजिनदार आठवतात. सालस माणूस, गावात मान. घरात आजारपण निघाले आणि जमा झालेल्या वर्गणीतले थोडे पैसे त्यांनी वापरले. पगार झाला की भरणार होते. पगारातून दवाखान्याचे बिल भागले नाही. मग पुढच्या महिन्याच्या वर्गणीतून मागच्या महिन्याची भर घातली. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याचा हा खेळ एकदा सुरू झाला, की डोकी वाढत जातात आणि टोपी एकच राहते. तीन वर्षांनी हिशेब उघडला, तेव्हा पहिली रक्कम कोणती हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना. ‘मी चोर नाही हो, मी वापरले फक्त,’ एवढेच ते म्हणत राहिले.

कायदा इथे निष्ठुर वाटतो, पण तो स्पष्ट आहे. दुसऱ्याचा पैसा काही काळापुरताच अप्रामाणिकपणे वापरला, तरी तो अपहारच. पैसे परत केल्याने शिक्षेबाबत दया दाखवली जाईल कदाचित. गुन्हा पुसला जात नाही. ‘वापरले’ आणि ‘खाल्ले’ यांच्यात आपण बोलताना जे अंतर ठेवतो, ते कायद्याला मंजूर नाही.

हा विषय फक्त बँकांचा आणि संस्थांचा आहे, असे समजून कोणी पान उलटू नये. तो आपल्या घरातही आहे. लग्नात मुलीला दिलेले दागिने सासूबाई ‘सांभाळायला’ म्हणून कपाटात ठेवतात. पुढे संबंध बिघडतात आणि दागिन्यांचा विषय काढला, की ‘घरातलेच तर आहेत’ असे उत्तर मिळते. सासरचा उंबरा ओलांडला की स्त्रीधन नवऱ्याबायकोचे सामाईक होते, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली एका गाजलेल्या निकालात फेटाळून लावला. स्त्रीधन हे त्या स्त्रीचेच. नवरा किंवा सासरची माणसे ते केवळ सांभाळतात, आणि मागितल्यावर परत केले नाही, तर त्यांच्यावर न्यासभंगाचा खटला चालू शकतो, असा त्या निकालाचा आशय आहे.

नोकरदारांच्या घरातली गोष्ट आणखी वेगळी. पगारातून भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी दरमहा कापली जाते. मालकाने ती कापली, पण निधीत भरलीच नाही, तर? कायद्याने याचा वेगळा खुलासा करून ठेवला आहे. कापलेली रक्कम मालकाकडे सोपवलेली ठेव समजली जाते आणि ती न भरणे हा न्यासभंग मानला जातो. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या वर्गणीलाही हेच लागू आहे. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते म्हणजे पैसे जागेवर पोचले, असे गृहीत धरू नये. खात्याचा उतारा वर्षातून दोनदा तरी पाहावा.

घराबाहेरचे ताजे उदाहरण न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत या बँकेच्या प्रभादेवी व गोरेगाव येथील तिजोऱ्यांतली सुमारे १२२ कोटींची रोकड पुस्तकांशी जुळेना. खात्यांतून पैसे काढण्यावर बंदी आली, शाखांपुढे रांगा लागल्या. पेन्शनीत निघालेली माणसे औषधांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन उभी होती. पुढे २५ हजारांपर्यंत रक्कम काढू देण्यात आली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. हिशेब तपासणाऱ्याला मात्र एकच प्रश्न पडतो : तिजोरीतली रोकड मोजणे याहून सोपी तपासणी कोणती? कागदावरचा आकडा आणि तिजोरीतल्या नोटा समोरासमोर ठेवायच्या. त्या वर्षानुवर्षे कोणी खरोखरच ठेवल्या असत्या, तर?

ठेवीदारांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो एक लाखच होता. सहकारी बँका त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. दोन टक्के जास्त व्याजासाठी पतसंस्थेत जन्माची पुंजी ठेवताना हा फरक विसरू नये.

मग करायचे काय? कोणावर विश्वासच ठेवू नये? तसे केले तर सोसायटी चालणार नाही, मंडळ चालणार नाही, भिशी चालणार नाही आणि घरही चालणार नाही. विश्वास ठेवावाच लागतो. पण त्याला कागदाची जोड द्यावी. न्यायालयात पहिला प्रश्न येतो तो ‘सोपवले होते का?’ हाच. त्यामुळे दागिने देताना यादी आणि फोटो, पैसे देताना पावती, कागदपत्रे देताना पोच, एवढे तरी हवे. संस्थेच्या धनादेशावर दोन सह्या असाव्यात, आणि दुसरी सही करणाऱ्याने कोऱ्या धनादेशावर ती आगाऊ करून ठेवू नये. जमा झालेली रोकड लगेच बँकेत जावी. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते; तिथे चहा-वेफर्सवर समाधान न मानता ताळेबंद वाचावा, आणि सिंकिंग फंडाच्या ठेवींच्या पावत्या प्रत्यक्ष पाहायला मागाव्यात.

आपल्याकडे नेमकी इथेच अडचण येते. हिशेब मागितला की माणसे दुखावतात. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न आला की मागणाराच खजील होऊन गप्प बसतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांना हा संकोच नव्हता. त्यांनी व्यवहाराच्या अठरा पदांत ठेवीला, म्हणजे निक्षेपाला, कर्जाच्या खालोखाल जागा दिली. मोहोर लावून ठेवलेल्या ठेवीला त्यांनी ‘उपनिधी’ असे वेगळे नाव दिले. ती मोहोर शाबूत ठेवूनच परत करायची असे. ज्याच्याकडे ठेवायची तो सज्जन असे गृहीत धरूनही मोहोर लावायची ही रीत होती, आणि तिच्यात कोणाला अपमान वाटत नसे.

त्या खजिनदारांचा विचार मनात आला, की मला वाटते, पहिल्याच महिन्यात कोणी सहज पासबुक मागितले असते, तर ते अडचण सांगून मोकळे झाले असते. संस्थेने त्यांना उसने दिले असते, गावानेही दिले असते. कोणी विचारले नाही, कारण सर्वांचा त्यांच्यावर फार विश्वास होता. हिशेब मागितल्याने जसे पैसे वाचतात, तशी माणसेही वाचतात.