धर्माचं पाणी

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सकाळी उभं राहिलं की एक वाक्य सारखं कानावर येतं, ‘काटा झाला का?’ जमिनीत बसवलेल्या लोखंडी फळीवर ट्रक हळूच चढतो. ड्रायव्हर आणि क्लीनर खाली उतरतात. काचेआडचा लाल आकडा क्षणभर थरथरतो, मग स्थिर होतो आणि छापील पावती बाहेर येते. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की मालाचं वजन कळतं. त्या पावतीवर पुढे लाखोंचे व्यवहार होतात, म्हणून काट्यावर भांडण झालं की ते जोरात होतं.

पनवेलच्या आसपास आणि देशातल्या बऱ्याच महामार्गांवर अशा वजनकाट्यांच्या पाट्यांवर एक शब्द हमखास दिसतो : धर्मकाटा. तिथे देव नाही, पोथी नाही, आहे ती ग्रीसने काळवंडलेली फळी. तरी हा शब्द तिथे चपखल बसलाय. विकणाऱ्याला आपलं वजन खरं वाटतं आणि घेणाऱ्याला आपलं. दोघांच्याही मालकीचा नसलेला, दोघांनाही मानावा लागणारा जो तिसरा काटा, तो धर्माचा. धर्म म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी त्याला आधी इथे आणीन.

‘धृ’ म्हणजे धरणं, तोलून धरणं. त्या धातूपासून धर्म हा शब्द झाला. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या वरच्या रकान्यात जो ‘धर्म’ लिहितात, तो या शब्दाचा अगदी अलीकडचा आणि त्यातल्या त्यात अरुंद अर्थ. मराठी माणूस दिवसभर जो धर्म बोलतो तो वेगळाच असतो. शेजारधर्म, राजधर्म, आपद्धर्म, देहधर्म, कुळधर्म. पाऱ्याचे गुणधर्म. धर्मशाळा, दानधर्म, धर्मादाय दवाखाना. ‘धर्म करता कर्म उभं राहतं’ असं आजी वैतागून म्हणायची, तेव्हा तिच्या मनात कुठलाही पंथ नसायचा. कुणाला तरी उसने पैसे दिलेले असायचे आणि तो फिरकत नसायचा. या सगळ्या शब्दांत एकच धागा आहे : आपण ज्या जागी उभे आहोत, तिथून समोरच्याचं आपण काय देणं लागतो? शेजारी असू तर शेजाऱ्याचं, राजा असू तर प्रजेचं.

हा प्रश्न कोकणाला नवा नाही. बाराव्या शतकात उत्तर कोकणावर, म्हणजे ठाण्यापासून आपल्या या पट्ट्यापर्यंत, शिलाहारांचं राज्य होतं. त्या घराण्यातल्या अपरादित्य राजाच्या नावावर याज्ञवल्क्य स्मृतीवरची एक भलीमोठी टीका आहे. ‘अपरार्क’ या नावाने ती ओळखली जाते आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने ती छापलेली आहे. तलवार चालवणाऱ्या राजाने वारसा, कर्ज, साक्षीपुरावा, दान यांवर पानंच्या पानं लिहावीत याचं मला फार अप्रूप वाटतं. या राजाचा तेजकंठ नावाचा दूत काश्मीरला गेला होता. तिथल्या पंडितांच्या सभेत तो हजर असल्याचं मंखकवीने आपल्या ‘श्रीकंठचरित’ या काव्यात नोंदवून ठेवलंय. कोकणातली धर्मचर्चा आठशे-नऊशे वर्षांपूर्वी काश्मीरपर्यंत पोचत होती.

अपरादित्याने ज्या स्मृतीवर लिहिलं, तिच्यातही एक काटा आहे. साक्षीपुरावा नसेल तेव्हा आरोपीने दिव्य करावं, असं याज्ञवल्क्य सांगतो. तराजू, अग्नी, पाणी, विष आणि देवाचं तीर्थ अशी ती पाच दिव्यं. तराजूचं दिव्य कुणाला द्यायचं? स्त्रिया, मुलं, म्हातारे, आंधळे, पांगळे, आजारी आणि ब्राह्मण यांना. दुबळ्याच्या हातावर तापलेलं लोखंड ठेवू नये ही कळकळ त्या यादीत आहे, आणि धडधाकट ब्राह्मणालाही त्याच यादीत बसवण्याचा पक्षपातही आहे. धर्मशास्त्र वाचताना या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत भेटतात. एक बघून दुसरीकडे डोळेझाक करणाऱ्याने ते वाचलं असं मी म्हणणार नाही. याच स्मृतीत सगळ्या माणसांना सारखा लागू असणारा धर्मही सांगितलाय : अहिंसा, सत्य, चोरी न करणं, शुचिता, इंद्रियांवर ताबा, दान, मनाचा संयम, दया आणि क्षमा. वर्ण कुठलाही असो, ही नऊ देणी कुणाला चुकत नाहीत.

आणि मग पाणी. धर्मशास्त्रात ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ अशी एक जोडी आहे. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहीर खणणं, तळं बांधणं, बाग लावणं, अन्नदान, देऊळ, प्रपा. प्रपा म्हणजे पाणपोई, आपल्या शब्दातली ‘पोई’ ही तिचीच लेक. यज्ञाचा अधिकार मोजक्यांना होता, पण पूर्तधर्म शूद्रालाही मोकळा आहे असं शास्त्रकारांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. तळं बांधून झालं की मालकाने त्याचा ‘उत्सर्ग’ करायचा असतो. हातात पाणी घेऊन हे तळं सगळ्या भूतमात्रांसाठी सोडलं असं म्हणायचं, की त्याची मालकी संपली. पुढे तोही इतरांसारखाच तिथे घागर भरणार. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या १९३० ते १९६२ अशा तीन दशकांत सिद्ध झालेल्या पाच खंडी ग्रंथात हा विधी नीट उलगडून सांगितलाय.

भूतमात्र. या शब्दात गाय येते, कुत्रा येतो, पाखरू येतं. माणूस मात्र कोणता येतो आणि कोणता नाही, हे ठरवायला पुढे दुसराच धर्म काठावर येऊन बसला.

पनवेलमध्ये सोनबा येलवे यांची गोष्ट सांगतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून कुलाबा जिल्ह्यात कामासाठी पनवेलमार्गे जात. एकदा त्यांना इथे तहान लागली आणि हॉटेलात त्यांना कुणी पाणी दिलं नाही. हे सोनबांच्या जिवाला लागलं. आपल्या गावातून बाबासाहेब तहानलेले गेले! दुसऱ्या दिवसापासून सोनबा माठ भरून रस्त्याच्या कडेला बसू लागले. रोज ताजं पाणी. बाबासाहेबांची गाडी येईल, थांबेल, आपण पाणी देऊ. गाडी त्या वाटेने पुन्हा आली नाही आणि वाट पाहता पाहता सोनबा गेले, पण जाईपर्यंत त्यांनी एकही दिवस माठ रिकामा ठेवला नाही, असं सांगणारे सांगतात.

मी ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला त्या न आलेल्या गाडीचं वाईट वाटायचं. आता मला तो माठ दिसतो. मातीचा माठ रोज आतून घासावा लागतो, नाहीतर बुळबुळीत होतो. उन्हात ठेवला तर पाणी तापतं, म्हणून सावली सरकेल तसा तो सरकवावा लागतो. भरल्या माठाचं वजन कमरेला कळतं. पिणारा येणार की नाही हे ठाऊक नसताना हे सगळं रोज करायचं. गीतेतलं निष्काम कर्म समजावून सांगताना प्रवचनकार पुष्कळ दृष्टान्त देतात. आमच्या पनवेलचा दृष्टान्त हा आहे.

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरला की पुढे महाड लागतं. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सदस्य बोले यांचा ठराव झाला होता, की सरकारी पैशातून बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठ्यांसारखी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने तो मान्य करून चवदार तळं कागदावर खुलं केलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह जाऊन त्या तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी काय केलं? तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसलं, शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून मंत्र म्हणत ते परत ओतलं आणि तळं शुद्ध झालं असं जाहीर केलं. म्हणजे उत्सर्गाच्या मंत्राने जे पाणी सगळ्यांचं होतं, ते दुसऱ्या मंत्राने पुन्हा काहींचं केलं. दोन्ही वेळा शब्द धर्म हाच. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

पुढचा कोर्टाचा भाग लोकांना कमी माहीत असतो आणि धर्माचा अर्थ शोधणाऱ्याला तो फार महत्त्वाचा आहे. तळ्यावर अस्पृश्यांना येऊ न देण्याची आमची अनादि वहिवाट आहे, असा दावा सवर्णांनी लावला. शास्त्राच्या भाषेतही आचार, म्हणजे चालत आलेली रीत, हा धर्माचा एक आधार मानलेला आहे. पण शास्त्रकार त्याला साधा आचार म्हणत नाहीत, सदाचार म्हणतात. ‘सत्’ हा शब्द लावून त्यांनी एक अट घातली होती आणि आपण ती विसरलो. रीत जुनी आहे एवढ्याने ती धर्म होत नाही, ती सज्जनांची असावी लागते. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. कोर्टाने सज्जनपणाची तपासणी केली नाही, ते त्याचं कामही नव्हतं. वहिवाट अनादि असल्याचं सिद्ध झालेलं नाही, एवढंच म्हणून त्याने सवर्णांचं अपील फेटाळलं. ज्या जुनेपणाच्या जोरावर दहा वर्षं पाणी अडवलं, तो जुनेपणाच साक्षीपुराव्यात टिकला नाही.

आश्चर्य याचं वाटतं, की तळ्याकाठच्या धर्माची परीक्षा महाभारताने फार आधी घेऊन ठेवलेली आहे. वनवासात तहानलेले चार पांडव एकामागोमाग एक तळ्यावर जातात. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग पाणी प्या, असं एका अदृश्य यक्षाचा आवाज सांगतो. ते ऐकत नाहीत आणि मरून पडतात. युधिष्ठिर मात्र थांबतो. यक्ष त्याला अनेक प्रश्न विचारतो. त्यातला एक असा : माणूस ब्राह्मण कशाने होतो, कुळाने, विद्येने की वागण्याने? युधिष्ठिर म्हणतो, वागण्याने. शेवटी यक्ष त्याला एकच भाऊ परत मागायला सांगतो. भीम आणि अर्जुन समोर पडलेले असताना तो नकुलाला मागतो. का? कुंतीचा एक मुलगा, म्हणजे मी, जिवंत आहे, माद्रीचाही एक जगावा. तेव्हा यक्ष आपलं खरं रूप दाखवतो. तो स्वतः धर्म असतो, युधिष्ठिराचा बाप.

सावत्र आईचं, तीही हयात नसलेल्या आईचं देणं! काट्याची दोन पारडी इतकी सारखी केलेली मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिली नाहीत. ज्यांनी १०८ घागरी ओतल्या त्यांच्या घरीही ही गोष्ट पुराणात सांगितली जात असणार, आणि ऐकताना त्यांचेही डोळे भरून येत असणार. त्यांनी धर्म ऐकलाच नव्हता असं म्हणायला मला जागा दिसत नाही. म्हणून मला स्वतःचीच काळजी वाटते.

आमच्या घरी सगळ्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली होती. कुठे आजोबांचं, कुठे आत्याच्या लग्नाची तारीख, कुठे मामाकडचा आहेर. एक पेला तेवढा बिननावाचा होता आणि तो फडताळात न राहता मोरीजवळच्या कोनाड्यात राहायचा. गटार काढायला येणाऱ्या मावशींनी पाणी मागितलं की आई मला तो पेला आणायला सांगायची. आई प्रेमळ होती. पाणी थंडगार द्यायची, वर गुळाचा खडा द्यायची. तो पेला वेगळा का, हे मी तिला कधी विचारलं नाही. मावशी तो स्वतः विसळून पालथा ठेवून जायच्या, आणि मी आठ-नऊ वर्षांचा, दारात उभा राहून ते बघायचो.

पनवेलला मे महिन्यात अजून पाण्याचे टँकर येतात. परवा आमच्या गल्लीत घंटागाडीवरच्या पोराने पाणी मागितलं. बायकोने हाताला आला तो पेला भरून दिला. त्यावर आजोबांचं नाव होतं. त्याने ते वाचलं, ‘हे कोण?’ म्हणून विचारलं, घटाघटा पाणी प्यायला आणि आणखी मागितलं.