उन्हाळ्यात घरातल्या टाइल्स अचानक का उचकटतात?

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ गेला की एखाद्या दुपारी ‘फट्’ असा आवाज होतो आणि हॉलमधल्या दोन टाइल्स तंबूसारख्या वर येतात. भूकंप वगैरे काही नसतो. बहुतेक वेळा फरशीला फुगायला जागाच ठेवलेली नसते.

हिवाळ्यात बसवलेली पाच मीटरची फरशी २५ अंशांनी तापली तर जेमतेम एक मिलिमीटर वाढते. टाइल्स एकमेकींना आणि भिंतीला खेटून असतील तर तेवढंही पुरतं. त्यात व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर तिची पकड कच्ची राहते.

फुटलेल्या टाइल्स बदलताना पुन्हा खेटूनच बसवल्या, तर खर्च वाया! टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरायला सांगा. सांध्यात २-३ मिमी, भिंतीलगत ५-६ मिमी फट हवी. ती स्कर्टिंगखाली झाकते. शेजारच्या टाइल्सही ठोकून बघा, पोकळ वाजल्या तर त्याही काढा.